मोसंबीच्या पानावरील लिंबाळी

जालन्याहून भोकरदनकडे जाताना साधारण निम्म्या वाटेवर राजूर लागते. टेकडीवरील गणपतीमुळे हे गाव मराठवाड्यात सर्वांना परिचित आहे आणि संकष्टीला, विशेषतः अंगारकीला, येथील रस्ते माणसांनी फुलून जातात. आजूबाजूच्या शिवारात कापूस, सोयाबीन, मका ही पिके आणि विहिरीला पाणी टिकते तेथे मोसंबीच्या बागा आहेत. जालना जिल्ह्याची ओळखच आता मोसंबीचा जिल्हा अशी झालेली असून येथील मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. प्रस्तुत लेख मात्र मोसंबीविषयी नाही. तो मोसंबीवर वाढणाऱ्या आणि त्यामुळे काहीशा बदनाम झालेल्या एका फुलपाखराविषयी आहे.

एका श्रावणात कामानिमित्त राजूरला गेलो असता परतीच्या वाटेवर एका बागायतदाराच्या वस्तीवर थांबण्याचा योग आला. नव्याने लावलेल्या कलमांच्या ओळीतून त्यांचा नातू हिंडत होता आणि पानावरच्या अळ्या काडीने खाली पाडून चपलेखाली चिरडीत होता. त्याचे आजोबा मला म्हणाले, "साहेब, ही अळी पानं खाती, अन् मोठी झाली की पाखरू होऊन फळात सोंड खुपसती. तिकडच्या जुन्या बागंत बघा, फळांचा नुसता सडा पडलाय." त्यांच्या वाक्याचा पूर्वार्ध सर्वस्वी खरा होता. उत्तरार्ध मात्र खरा नव्हता, आणि त्या उत्तरार्धापायी त्यांनी जुन्या बागेवर दोनदा औषध मारले होते. मी कलाशाखेचा पदवीधर. त्या वेळी मला त्यांचे म्हणणे खोडता आले नाही, मान डोलावून मी चहा घेतला. पुढे जे वाचले, पाहिले व जाणकारांना विचारले, त्यातून हा लेख तयार झाला आहे.

हे फुलपाखरू म्हणजे लिंबाळी. शास्त्रीय परिभाषेत त्याला पॅपिलिओ डेमोलियस म्हणतात. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५८ मध्ये ते नाव दिले. पंख पसरले असता त्याची रुंदी आठ ते दहा सेंटिमीटर भरते. काळ्या पंखांवर फिकट पिवळ्या ठिपक्यांची आणि चट्ट्यांची दाटी असते, मागील पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी तांबडा ठिपका असतो व त्याला निळसर कड असते. ह्या कुळातील पुष्कळ फुलपाखरांच्या मागील पंखांना शेपटी असते. लिंबाळीला ती नसते. फुलावर बसून मध घेतानाही तिचे पंख थरथरत राहतात. दुपारच्या उन्हात ती जमिनीपासून फार उंच न जाता वेगाने उडते आणि नाल्याच्या किंवा पाटाच्या ओलसर मातीवर अनेकदा उतरते. मातीतील क्षार शोषून घेण्यासाठी असे उतरणारे बहुतेक नर असतात. अरबस्तान व इराणपासून भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, मलाया ते थेट ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा वावर आहे. घनदाट जंगल तिला मानवत नाही. उघडी शेती, परसबाग, गावकूस हीच तिची जागा. मराठवाड्यासारख्या कोरड्या, झाडे विरळ असलेल्या मुलखात ती इतकी सर्रास दिसते याचे कारण हेच.

अंड्यापासून पाखरापर्यंत

मादी पानावर बसते ती केवळ विसाव्यासाठी नव्हे. पुढील पायांनी ती पानावर झपाट्याने टकटक करते. तिच्या पायांच्या टोकांना रुची ओळखणारी इंद्रिये असतात आणि त्यांच्या साहाय्याने हे पान आपल्या पिलांना खाण्याजोगे आहे की नाही याची ती परीक्षा करते. परीक्षेत उतरलेल्या कोवळ्या पालवीवर ती मोहरीच्या दाण्याएवढे, गोल, फिकट पिवळे असे एकच अंडे चिकटविते आणि पुढच्या फांदीकडे जाते. तीन-चार दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते व पहिला घास म्हणून अंड्याचे कवचच खाते.

यानंतरचा प्रकार मोठा गमतीचा आहे. लहानपणी ही अळी पांढरे डाग असलेली, काळपट तपकिरी, ओलसर चकाकणारी अशी असते. पानावर पडलेली पाखराची विष्ठा आणि ही अळी यांत बारकाईने पाहिल्याखेरीज फरक कळत नाही. चिमणी किंवा बुलबुल स्वतःच्या विष्ठेला चोच लावीत नाहीत, म्हणून अळी वाचते. पण विष्ठेला आकाराची मर्यादा आहे! अळी वाढून बोटाच्या पेराहून मोठी होऊ लागली की ते सोंग टिकत नाही. चौथ्यांदा कात टाकल्यावर ती एकदम पोपटी हिरवी होऊन बाहेर पडते. अंगावर तपकिरी तिरपे पट्टे आणि डोक्यामागे डोळ्यांसारखे ठिपके दिसू लागतात, आणि आता ती पानाशी एकरूप होते. ह्याच वंशातील व लिंबूवर्गीय झाडांवरच वाढणाऱ्या एका जपानी फुलपाखरावर तेथील शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अळीच्या शरीरातील एका संप्रेरकाचे प्रमाण उतरले की विष्ठेचे सोंग सुटून हिरवा रंग येतो, असे त्यात दिसून आले. अळीला स्वतःला याचे काही ज्ञान असण्याचे कारण नाही.

सोंग उघडे पडलेच तर दुसरे शस्त्र आहे. अळीला काडी लावली की डोक्यामागील फटीतून नारिंगी तांबडे, दुभागलेले, ओलसर शिंग झटकन बाहेर येते आणि उग्र आंबूस वास सुटतो. राजूरच्या त्या नातवाने हे शिंग मला मोठ्या हौसेने दाखविले, आणि "हे विषारी असतंय" असेही बजावले. ते विषारी नाही. माणसाला त्याने काही होत नाही, हाताला थोडा वास राहतो एवढेच. मुंग्या, कोळी व बारीक कीटक यांना मात्र तो वास सहन होत नाही.

सुमारे दोन ते तीन आठवडे खाऊन चार सेंटिमीटर लांब झालेली अळी एखाद्या डहाळीवर जाऊन शेपटाकडील टोक रेशमाने चिकटविते, कमरेभोवती रेशमाचा एक फेर घेते आणि लाकूडतोड्या दोराला रेलून झाडावर उभा राहतो तशी रेलून बसते. त्या अवस्थेत तिचा कोष होतो. हिरव्या डहाळीवर कोष हिरवा, वाळक्या काडीवर तपकिरी. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर येते. थंडीच्या दिवसांत मात्र कोष कित्येक आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ, निपचित राहतो. एरवी अंड्यापासून पाखरापर्यंतचा प्रवास महिन्याभरात संपतो, आणि पावसाळ्यात नवी पालवी भरपूर असल्याने पिढीवर पिढी निघते. श्रावण-भाद्रपदात अळ्या अकस्मात अवतरल्यासारख्या दिसतात त्याचे कारण हे.

बेल, कवठ आणि बावची

मोसंबी हे ह्या अळीचे मूळचे अन्न नव्हे. मोसंबी आपल्याकडे बाहेरून आली. तिचे नाव मोझांबिकवरून पडले असे मानले जाते. त्यापूर्वीही लिंबाळी येथे होतीच. बेल, कवठ, कढीपत्ता ही लिंबाच्याच कुळातील झाडे तिला चालतात. महादेवाच्या देवळापाशी बेलाचे झाड असले तर त्याच्या कोवळ्या फांद्या एकदा निरखून पाहाव्यात. श्रावणात पूजेसाठी त्रिदळ खुडणाऱ्या स्त्रियांना ही अळी चांगली ठाऊक असते, पाने निवडताना ती हाताला लागते.

याहून नवलाची गोष्ट बावचीची आहे. कोडावरील औषधासाठी जिचे बी वापरतात ती बावची काळ्या रानात, बांधांवर, पडीक जागी तणासारखी उगवते. ती लिंबाच्या कुळातील नाही, तूर-हरभऱ्याच्या कुळातील आहे. तरीही लिंबाळी तिच्यावर अंडी घालते आणि अळ्या तिच्यावर वाढतात. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते, आणि त्याच जातीची द्रव्ये लिंबाच्या कुळातही आढळतात. पायांनी पानाची चव घेणाऱ्या मादीला दोहोंत काही समान लागत असावे. ऑस्ट्रेलियातील लिंबाळी तर बावचीच्या जवळच्या वनस्पतींवरच राहते, लिंबाच्या झाडांना तेथे तिचा उपद्रव नाही.

ह्या सगळ्या अळ्यांचा शोध आपल्याच भागात फार पूर्वी सुरू झाला. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एटकिन, आणि त्यांचे सहकारी डेव्हिडसन व बेल ह्या तिघा अधिकाऱ्यांनी त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील कारवार भागात अळ्या घरी वाढवून त्यांची खाद्यझाडे नोंदविली आणि सोसायटीच्या नियतकालिकात १८९६च्या सुमारास प्रसिद्ध केली. त्यांतील बेल हे वनखात्यात होते. सरकारी नोकरीतील माणसाला फावल्या वेळात काय करता येते याचे हे उदाहरण आमच्यासारख्यांना थोडे ओशाळवाणे वाटावे असे आहे.

नुकसान कोठे, किती

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लिंबाळीची अळी मोसंबीचे नुकसान करते काय? करते, पण ते झाडाच्या वयावर अवलंबून आहे, आणि सर्व वाद येथेच मिटतो.

रोपवाटिकेतील रोप आणि शेतात लावून एक-दोन वर्षे झालेले कलम यांवर मोजकी पाने असतात. दोन-तीन मोठ्या अळ्या एका आठवड्यात अशा कलमाची कोवळी पाने मधल्या शिरेपर्यंत फस्त करू शकतात. वाढ खुंटते, कलम रोगट होते, उन्हाळ्यात मरतेही. हे नुकसान हलके लेखण्याजोगे नाही. २०१२च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील कित्येक बागा वाळल्या, टँकरने पाणी घालूनही झाडे जगली नाहीत आणि वर्षानुवर्षे जोपासलेली झाडे तोडून सरपणाला घालावी लागली. त्यानंतर ज्यांनी पुन्हा लागवड केली त्यांच्या लेखी एकेका कलमाची किंमत काय आहे, हे निराळे सांगावयास नको. रोजगार हमीतून १९९० पासून आणि भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून २०१८ पासून ज्या लागवडी झाल्या, त्यांतही झाडे जगण्याचे प्रमाण हाच कळीचा मुद्दा असतो. फुंडकर योजनेत अनुदानाचे पुढील हप्ते त्यावरच ठरतात.

सात-आठ वर्षांच्या झाडाची गोष्ट वेगळी. त्याच्या विस्तारात दहा-वीस अळ्यांनी खाल्लेली पाने मोजण्यातही येत नाहीत आणि फळांवर त्याचा परिणाम होत नाही. अशा झाडावर लिंबाळीसाठी औषध मारणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. त्यात आणखी एक तोटा आहे. एका मादीने घातलेल्या अंड्यांपैकी पाखरू होऊन उडणारी फार थोडी. ट्रायकोग्रामासारखे अतिसूक्ष्म परोपजीवी कीटक अंड्यांतच आपली अंडी घालतात. दुसरे काही अळीत व कोषात घालतात. गांधीलमाश्या, खंडोबाचा किडा, कोळी आणि पाखरे यांचा वाटा निराळाच. अविचाराने मारलेल्या औषधाने आधी मरतात ते हेच राखणदार.

मग राजूरच्या बागेत फळांचा सडा कोणी पाडला होता? लिंबाळीची सोंड घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, मऊ असते. ती फुलातला मध ओढू शकते, मोसंबीची साल भेदू शकत नाही. फळगळीला पाण्याचा ताण, बुरशी, अन्नद्रव्यांची उणीव अशी अनेक कारणे असतात. मात्र सोंडेने भोक पाडलेले फळ दिसले तर संशय घ्यावा तो फळातील रस शोषणाऱ्या पतंगाचा. हा पतंग रात्री येतो, म्हणून दिवसा दिसणाऱ्या निरुपद्रवी फुलपाखरावर त्याचा आळ येतो. त्याची सोंड टोकाला टणक व दातेरी असते. तिने तो पिकू लागलेल्या फळाला भोक पाडतो, त्या जागी कूज सुरू होते आणि फळ गळते. त्याच्या अळ्या मोसंबीवर नसतातच. त्या बांधावरील गुळवेल, वासनवेल, चांदवेल ह्या वेलींवर वाढतात. म्हणून बागेलगतच्या ह्या वेली काढणे, गळलेली फळे वेचून पुरणे आणि सायंकाळी बागेत धूर करणे हे उपाय सांगितले जातात. ज्याला खात्री करून घ्यावयाची असेल त्याने रात्री आठनंतर बॅटरी घेऊन बागेत एक फेरी मारावी. मागचे पंख नारिंगी असलेला जाडसर पतंग फळावर बसलेला सापडेल. मला दुसऱ्या खेपेस त्याच वस्तीवर तो सापडला. आजोबांनी फळ हातात घेऊन भोक पाहिले, पतंग पाहिला, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी दोन्ही फवारे फुकट गेले."

लहान कलमांसाठी सर्वांत स्वस्त उपाय त्यांचा नातू करीतच होता. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा कलमे पाहून अळ्या व अंडी हाताने वेचावीत. वेचलेल्या अळ्या मारल्याच पाहिजेत असेही नाही. जवळ बेलाचे अथवा कवठाचे मोठे झाड असेल तर त्यावर नेऊन सोडता येतात. रोपवाटिकेत हजारो रोपे असल्यामुळे वेचणे जमत नसेल तर ५ टक्के निंबोळी अर्क किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या जिवाणूवर आधारित औषध, तेही अळ्या लहान असताना, फवारावे. त्यापुढील औषधांविषयी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची त्या वर्षीची शिफारस पाहावी. विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र जिल्ह्यातच, बदनापूर येथे आहे. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा तेथवरचा एसटीचा प्रवास स्वस्त पडतो.

ह्या फुलपाखराचा पराक्रम येथेच संपत नाही. २००४ मध्ये ते अटलांटिकपलीकडील डोमिनिकन प्रजासत्ताकात आढळले, आणि पुढील काही वर्षांत पोर्तो रिको, जमैका ह्या बेटांवरही पोचले. तेथे त्याचे हे मूळचे शत्रू नसल्याने लिंबूवर्गीय बागांचे मालक चिंतेत पडले. आपल्या बांधावरील गांधीलमाशीचे मोल त्यांना विचारावे.

शाळेसाठी व ग्रामपंचायतीसाठी

प्राथमिक शाळेत फुलपाखराचे जीवनचक्र फळ्यावर चार बाणांनी दाखविले जाते. राजूर परिसरातील शिक्षकाला त्यासाठी फळ्याची गरज नाही. श्रावणात कढीपत्त्याच्या किंवा बेलाच्या झाडावरून अळी असलेली डहाळी आणावी. रुंद तोंडाच्या बरणीत तळाला कागद घालावा, डहाळीचे देठ पाण्याच्या लहान बाटलीत ठेवून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे (नाहीतर अळी पाण्यात पडून मरते), आणि बरणीच्या तोंडाला जुन्या धोतराचे फडके बांधावे. औषध मारलेल्या बागेतले पान घालू नये. पाने रोज बदलावीत, विष्ठा काढून टाकावी आणि अळीची लांबी पट्टीने मोजून विद्यार्थ्यांनी वहीत लिहावी. अळी खाणे सोडून बरणीत भटकू लागली की एक उभी काडी ठेवावी, तिच्यावर कोष होईल. कधी कोषातून फुलपाखराऐवजी लहान गांधीलमाशीसारखे कीटक बाहेर पडतात आणि मुले हिरमुसतात. तो दिवस मात्र शिक्षकांनी वाया घालवू नये. पुस्तकात नसलेला धडा तो आहे.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू घोषित केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य होते. तो मान नीलवंत ह्या मोठ्या, काळ्यानिळ्या फुलपाखराला मिळाला. नीलवंत लिंबाळीच्याच वंशातले आहे आणि त्याची अळीही लिंबूवर्गीय झाडांवर वाढते, मात्र त्याला सह्याद्रीकडील दमट झाडी अधिक मानवते. राजूरच्या मुलांना राज्य फुलपाखराचे चित्र दाखवावे लागेल. त्याची भावकी शाळेच्या कुंपणावर मिळेल.

जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतींमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. अशा काही नोंदवह्या माझ्या पाहण्यात आल्या. वड, पिंपळ, कडुनिंब, मोर, ससा ह्यांच्या नोंदी पानेच्या पाने आणि कीटकांच्या रकान्यात 'फुलपाखरे' हा एकच शब्द. गावात बेलाची झाडे किती व कोठे आहेत, कवठ शिल्लक आहे काय, बावची कोणत्या बांधावर उगवते आणि लिंबाळी कोणत्या महिन्यात दिसू लागते, ह्या नोंदी बेल खुडणाऱ्या स्त्रिया, गुराखी आणि शाळेतील मुले यांना विचारून एका आठवड्यात करता येतील. कवठाची गोष्ट मुद्दाम लिहिली. मी विचारले तेव्हा त्या वस्तीवरील आजोबांना लहानपणीची तीन कवठे आठवली. त्यांपैकी एक रस्ता रुंद करताना गेले, एक विहिरीच्या कामात, आणि तिसरे त्यांच्या बांधावर अजून उभे होते. त्याच्या शेंड्याच्या पालवीवर काही अळ्या होत्या. नातवाने ह्या वेळी काडी उचलली नाही.